खासगी कंपन्यांवर दिव्यांग भरतीची सक्ती: माझा विरोध का आहे

मनुष्यबळ

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान-मध्यम कारखान्यांसाठी भरतीची कामं करतो. परवा एका बैठकीत मागणी आली: सरकारी नोकरीत दिव्यांगांना 4 टक्के आरक्षण आहे, तसंच खासगीतही सक्तीचं करा. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत, म्हणून हा धागा.

आधी कायदा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम 35 सांगतं की खासगी मालकांकडे किमान 5 टक्के दिव्यांग कामगार असावेत यासाठी सरकारने प्रोत्साहन द्यावं, तेही 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत'. म्हणजे मालकावर बंधन शून्य आणि सरकारला पळवाट तयार. त्याआधी 2008 पासून केंद्राची एक योजना होती. 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या दिव्यांग कामगारासाठी मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) पहिली तीन वर्षं सरकार भरणार. माझ्या ओळखीतल्या एकाही मालकाने ती वापरली नाही. पीएफ वाचतो म्हणून कुणी माणूस ठेवत नाही हो. माणूस टिकेल का, शिकेल का, त्याला काही झालं तर काय, या भीतीने तो ठेवत नाही.

आणि भीती अगदीच खोटी नाही. माझ्यामार्फत लागलेली मुलं सोडून गेली ती बहुतेक पहिल्या काही महिन्यांत. कुणालाच काम जमत नव्हतं असं नाही. एकाला कंपनीची बस चढता येईना. एकाच्या मजल्यावर संडासच नव्हता. एकाचा सुपरवायझर दर सोमवारी त्याला नवीन जागी उभं करायचा, कारण 'याला कुठे ठेवायचं' हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. या तिन्ही अडचणी सुटण्यासारख्या होत्या. पण त्या सोडवायला कारखान्यात कुणाकडे वेळ नव्हता.

म्हणून माझं म्हणणं असं. कोटा नको. सरकारने प्रत्येक औद्योगिक वसाहतीत पगारी जॉब कोच नेमावेत. माणूस लागल्यावर पहिले सहा महिने कोच येऊन-जाऊन असेल, सुपरवायझरला शिकवेल, मालकाचा फोन उचलेल. एवढं केलं तर मालक आपणहून माणसं मागतील.

तिसरी_पाळी

असहमत, आणि ठणकावून.

किमान वेतन, आठ तासांची पाळी, बाळंतपणाची रजा. यातलं काय मालकांनी आपणहून दिलं? 'आधी आम्हाला मदत करा, मग ठेवू' हे दरवेळी म्हटलं गेलं आहे.

तुम्ही कलम 35 सांगितलंत, 21 सोयीस्करपणे वगळलंत. 20 किंवा जास्त कामगार असलेल्या प्रत्येक खासगी आस्थापनेने समान संधी धोरण तयार करायचं आहे. कोणत्या जागा दिव्यांगांना जमतील त्यांची यादी, निवड कशी होणार, कोणती साधनं पुरवणार, संपर्क अधिकारी कोण, हे सगळं त्यात लिहून राज्य आयुक्तांकडे नोंदवायचं आहे. तुमच्या गिऱ्हाईक कंपन्यांपैकी किती जणांनी नोंदवलं? दंड म्हणाल तर पहिल्यांदा जास्तीत जास्त 10 हजार. दिवाळीच्या मिठाईला याहून जास्त जातात.

दुसरं. 'नोकरीत भेदभाव नको' सांगणारं कलम 20 सरकारी आस्थापनांचं नाव घेऊन बोलतं. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढायचं नाही, पद खाली आणायचं नाही, हे संरक्षणही त्याच कलमात, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यालाच. आता तुमच्याच पट्ट्यात पॉवर प्रेसवर बोटं जातात त्या पोरांचं सांगा. बहुतेक ठेक्यावरची. ईएसआय दवाखान्यातली पट्टी सुटली की ठेकेदार म्हणतो, 'गावाला जाऊन आराम कर.' दिव्यांग कामगार बाहेरून आणायची गरजच नाही साहेब, तुमच्या शॉपमध्येच तयार होतात. त्यांना परत घ्यायला कोणता कोच हवा आहे?

मनुष्यबळ

बोटांचा मुद्दा मान्य, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्या मुलांना परत घेण्याची सक्ती करा, मी पहिली सही करतो. पण ती सक्ती वेगळी आणि टक्केवारीची वेगळी.

स्टुटगार्टकर

इथे जर्मनीत दोन्ही एकत्र चालतं, म्हणून लिहितो. 20 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला 5 टक्के जागा तीव्र दिव्यांगांना द्याव्या लागतात. नाही दिल्या तर प्रत्येक रिकाम्या जागेमागे दर महिन्याला भरपाई. एकही दिव्यांग न ठेवणाऱ्यांसाठी 2024 पासून दर वाढवला, मोठ्या कंपनीला तो त्या वर्षी महिन्याला 720 युरोपर्यंत होता. महत्त्वाचं म्हणजे हा पैसा सरकारी तिजोरीत गडप होत नाही. त्यातूनच टेबल, लिफ्ट, सॉफ्टवेअर, सोबत बसून शिकवणारा माणूस यांचा खर्च निघतो. म्हणजे मनुष्यबळ यांचे कोच तिसरी_पाळी यांच्या दंडातून. शिवाय अशा कर्मचाऱ्याला वर्षाला पाच दिवस जादा रजा.

भांडताय कशावर?

मनुष्यबळ

कागदावर छान आहे. त्याच धर्तीवरचा जपान पाहा. तिथे एप्रिल 2024 मध्ये कोटा 2.5 टक्के झाला, आणि 100 हून जास्त कामगार असलेल्या कंपनीला कमी पडणाऱ्या प्रत्येक माणसामागे महिन्याला 50 हजार येन भरावे लागतात. मग काय झालं? काही कंपन्या तयार भाजीचे मळे भाड्याने घेतात आणि दिव्यांग कर्मचारी तिथे पाठवतात. कंपनी सॉफ्टवेअरची आणि हा माणूस शहराबाहेर मुळा लावतोय. हजेरीपटावर नाव आहे, टक्का भरला. 2018 साली तर तिथल्या केंद्रीय मंत्रालयांनीच आकडे फुगवल्याचं उघड झालं. जपानी शिस्तीत हे घडतं, तर आपल्याकडे हजेरीपटावर नाव, घरी निम्मा पगार आणि 'येऊ नकोस' एवढंच होईल. ठेकेदारांना मी ओळखतो.

स्पष्टवक्ता

आधी खोटी प्रमाणपत्रं बंद करा. पैसे दिले की 40 टक्के अपंगत्वाचा दाखला मिळतो. खऱ्यांच्या जागा खोटे खातात.

कीबोर्डवाली

स्पष्टवक्ता, खोट्या नोटा निघाल्या म्हणून तुम्ही पगार घेणं बंद केलंत का? पुढे जाऊ.

मी जन्मापासून पूर्ण अंध. विम्याच्या दाव्यांचं काम करते, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरसाठी कंपनीला एक रुपया पडला नाही, एनव्हीडीए फुकट आहे. अडचण वेगळीच. कंपनीच्या आतल्या संगणक प्रणालीत ज्या माणसाने स्क्रीन बनवले त्याने बटनांना नावंच दिली नाहीत. डोळ्यांना चित्र दिसतं. मला नुसतं ऐकू येतं: 'बटन. बटन. बटन. बटन.' कोणतं मंजूर करतं आणि कोणतं फेटाळतं? सहा महिने मी मोजून लक्षात ठेवलं, डावीकडून तिसरं म्हणजे मंजूर. मग नवीन आवृत्ती आली आणि एक बटन मध्ये घुसलं. पुढचं सांगत नाही.

दुसरी कथा मराठीची. कार्यालयाचं निम्मं मराठी अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये. युनिकोड नसलं की स्क्रीन रीडर ते इंग्रजी चिन्हांची खिचडी म्हणून वाचतो. जीआर स्कॅन करून पाठवला तर तोही माझ्यासाठी कोरा कागद. हे बदलणं टायपिस्ट डोळस असो वा नसो सगळ्यांच्याच फायद्याचं आहे, पण कुणी बदलत नाही.

मनुष्यबळ, तुमचा कोच येऊन यात काय करणार? तो माझ्या शेजारी बसून 'तिसरं बटन' सांगेल, एवढंच ना? मला शेजारी माणूस नको. मला बटनाला नाव हवं. आणि ते खरेदीच्या करारात लिहिलं तरच मिळतं, विनंती करून मिळत नाही. मी तीन साहेबांना विनंती केली, तिघेही फार सज्जन होते.

गाळा_नंबर_7

सगळे मोठ्या कंपन्यांवर बोलताय. माझं 35 माणसांचं वर्कशॉप आहे. गाळा भाड्याचा, ऑफिस आणि संडास दोन्ही माळ्यावर, लोखंडी जिना. रॅम्प म्हणाल तर मालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही. गिऱ्हाईक दरवर्षी भाव पाडून मागतं. माल उशिरा गेला तर डेबिट नोट माझ्या नावावर, तिसरी_पाळी यांच्या नाही.

दया वगैरे सगळी आहे हो. पण उद्या फोर्कलिफ्ट मागून आली आणि त्याला ऐकू आलं नाही, तर पोलीस ठाण्यात मी बसणार. 35 माणसांत 5 टक्के म्हणजे पावणेदोन माणसं. ती पाऊण कशी भरू?

तिसरी_पाळी

पाऊण माणसाचा हिशेब करता येतो, पण प्रेसला सुरक्षा जाळी बसवायचा खर्च कधी हिशेबात आला नाही.

गाळा_नंबर_7

माझ्याकडे प्रेस नाही. टर्निंग सेंटरं आहेत, म्हणजे लेथ. माहिती घेऊन बोला.

शांत_शिफ्ट

मी कर्णबधिर आहे. सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर काम करतो, तळेगावकडे. गाळावाल्या काकांना उत्तर देतो.

मशीन अडलं तर आवाजाने कळतं असं ऐकणाऱ्यांना वाटतं. मशीनवर टॉवर लॅम्प असतोच, लाल-पिवळा-हिरवा. मी तोच बघतो. हात ठेवला की टूल घासलंय हे थरथरीवरून कळतं, शेजारच्या ऑपरेटरला बऱ्याचदा माझ्यानंतर कळतं. फोर्कलिफ्टला पुढे जमिनीवर निळा ठिपका पाडणारा दिवा मिळतो. तो आमच्याकडे लावला तो माझ्यासाठी नाही, मोबाईलमध्ये बघत चालणाऱ्यांसाठी. आगीच्या हूटरला फ्लॅशर जोडला, इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या दिवसाचं काम.

त्रास कुठे होतो ते सांगतो. सकाळी टूलबॉक्स टॉक होतो. दहा मिनिटं सुपरवायझर बोलतो, सगळे हसतात, मी उभा. मग विचारलं तर सांगतो, 'काही नाही, नेहमीचंच.' ओव्हरटाइम कुणाला, सुट्टी कधी बदलली, नवीन ड्रॉइंग कोणतं, सगळं त्या 'नेहमीचंच'मध्ये असतं. मी सांगितलं, व्हॉट्सॲपवर चार ओळी टाका. आता टाकतात. मराठी वाचायला मला वेळ लागतो कारण माझी पहिली भाषा खुणांची आहे, पण चार ओळी जमतात.

आणि बढती. माझ्याकडून शिकलेली मुलं सेटर झाली, म्हणजे मशीन लावून देणारी. मी ऑपरेटरच. कारण सेटरला 'बोलावं लागतं'. कोच यावर काय करतो? कोटा तरी काय करतो? दोघांनीही भरतीच्या पुढचं काही लिहिलं नाही.

मनुष्यबळ

हा मुद्दा लागला. कोच सुपरवायझरला तुमच्याशी दोन-चार खुणांत बोलायला शिकवू शकतो, पण सेटरच्या यादीत नाव घालणं त्याच्या हातात नाही.

डोंबिवलीची_आई

मी वाचतच होते, आता लिहिते. माझा मुलगा 26 वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. एका ठिकाणी पॅकिंगला लागला होता. तुमची भांडणं हुशार मुलांची आहेत. माझ्या मुलाला व्हॉट्सॲप वाचता येत नाही, तो बटनं मोजणार नाही. त्याला कोचच लागतो, आणि सहा महिने नाही, कमी-जास्त कायमचा. डब्यात सहा बाटल्या भरायच्या, हे तो चोख करतो. एकदा खोका बदलला, आठ बाटल्यांचा आला. तो सहाच भरून झाकण लावत राहिला. ओरडले त्याला. आधल्या दिवशी रिकामा खोका माझ्याकडे पाठवला असता तर मी घरी सराव करून घेतला असता.

अजून एक, जे कुणी लिहिलं नाही. नोकरी लागली की संजय गांधी निराधारचे पैसे उत्पन्नाच्या मर्यादेमुळे जातात. नोकरी सुटली की परत तलाठ्याचा दाखला, तहसील, समितीची बैठक, सगळं पहिल्यापासून. त्यामुळे आमच्या पालकांच्या ग्रुपमध्ये निम्म्या आया मुलांना कामाला पाठवायलाच घाबरतात. मालकांची भीती घालवायला सगळे निघालेत, आमची कोण घालवणार? नोकरी सुटल्यावर मदत आपोआप सुरू होईल एवढा एक आदेश काढा. त्याला ना कोटा लागतो ना कोच.

तिसरी_पाळी

ताई, हे मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या संघटनेच्या निवेदनात घालतो.

बाकी माझं मत तेच आहे. कीबोर्डवाली यांनी लिहिलं तेच माझं म्हणणं: सज्जनपणावर सोडलं की काही होत नाही. जपानमध्ये मळे निघाले म्हणून कोटा सोडायचा, तर पावतीशिवाय विकणारे दुकानदार आहेत म्हणून जीएसटी सोडा. कुठल्या कामावर ठेवलं याची तपासणी करा, बढतीचाही आकडा मागा.

मनुष्यबळ

तपासणी कोण करणार? तेच ना, ज्यांच्याकडे आज समान संधी धोरणं धूळ खात पडली असतील? अंमलबजावणीला माणसं नाहीत तिथे नवा कोटा म्हणजे नवा हप्ता. आधी माणसं नेमा. त्यांना निरीक्षक म्हणा, कोच म्हणा. निरीक्षक पाहिला की मालक दार लावतो, कोच पाहिला तर चहा सांगतो, एवढा फरक मला अनुभवाने दिसतो. मी माझ्या जागी ठाम.

स्टुटगार्टकरांचं मॉडेल 500 च्या वरच्या कंपन्यांना लावा म्हणाल तर विरोध करणार नाही.

कीबोर्डवाली

500 कशाला, 100 पासून करा. आणि पहिला पैसा बटनांवर खर्च करा.

गाळा_नंबर_7

शांत_शिफ्ट, तो निळा दिवा केवढ्याला मिळतो? आणि तुमच्या ओळखीत कुणी ऑपरेटर रिकामा आहे का? माझ्याकडे दोन जागा तीन महिने रिकाम्या आहेत, गावाकडची पोरं टिकत नाहीत. मशीनचा कंट्रोल फनुक कंपनीचा आहे, सीमेन्स नाही.

शांत_शिफ्ट

दिवा महाग नाही, ऑनलाइन मिळतो, लिंक व्यनि करतो. दोघे आहेत, दोघांनाही फनुक येतं. एक तर सेटिंगही करतो.

पगार किती आणि सेटर म्हणून घेणार का ऑपरेटर, ते इथेच लिहा.