पुरीमच्या सणाला शेजाऱ्यांकडे जाताना काय न्यावे?

खोपटकर:
आम्ही ठाण्यात राहतो. आमच्याच मजल्यावर एक बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, कुटुंब अनेक वर्षांपासून आहे आणि गणपतीत त्यांची नातवंडे आमच्याकडेच मुक्काम ठोकून असतात. यंदा त्यांच्या आजींनी आम्हा उभयतांना पुरीमचे निमंत्रण देताना ‘होळीचा सण आहे, संध्याकाळी मशिदीत या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी जेवायला या’ असे सांगितले. यहुद्यांची होळी कोणती आणि मशीद कोणती, अशा दुहेरी गोंधळात मी पडलो, परंतु विचारायचा संकोच वाटल्याने मान डोलावून परत आलो. रिकाम्या हाताने जाणे बरे दिसणार नाही; मात्र त्यांचे खाण्यापिण्याचे नियम कडक असतात, एवढे मला ठाऊक आहे. काय न्यावे आणि तेथे कसे वागावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

माहेरवाशीण:
आजींचे दोन्ही शब्द बरोबर आहेत. आमची जुनी माणसे सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाला, मशीद, उपासाला रोजा आणि वर्षारंभाच्या सणाला नव्याचा सण म्हणत. पुरीम होळीच्याच सुमारास येतो म्हणून तो होळीचा सण झाला. कथेचा मात्र होळीशी संबंध नाही. इराणातील शूशन नगरीत हामान नावाच्या प्रधानाने सर्व यहुद्यांच्या संहाराचा दिवस चिठ्ठ्या टाकून ठरवला. या चिठ्ठीला ‘पूर’ म्हणत, त्यावरून सणाचे नाव पडले. राणी एस्तेर आणि तिचा आप्त मोर्दखय यांनी तो बेत उलटवला. ही कथा ज्या ग्रंथात आहे त्याच्या पहिल्याच वाक्यात राजाचे राज्य ‘होदूपासून कूशपर्यंत’ 127 प्रांतांवर असल्याचे म्हटले आहे, आणि होदू म्हणजे हिंदुस्थान. लहानपणी हे वाक्य आले की आम्ही भावंडे उगाच ताठ बसत असू.

ठाण्याचे शआर हशामाईम हे सिनेगॉग 1879 सालचे आहे. आत जाताना पुरुषांनी डोके झाकावे. साधा रुमालही चालतो. एस्तेरची चर्मपत्राची गुंडाळी वाचताना ती पत्रासारखी घड्या घालून धरतात. प्रत्येक शब्द कानी पडलाच पाहिजे असा दंडक असल्याने एरवी शांतता असते, पण हामानाचे नाव आले की मुले खुळखुळे वाजवतात, पाय आपटतात आणि ते नाव गोंगाटात बुडवून टाकतात. आपणही निःसंकोच पाय आपटावेत. एरवी ज्या गोष्टीसाठी मुलांना दटावले जाते, ती त्या संध्याकाळी मोठ्यांनाही करता येते. हामानाच्या दहा मुलांची नावे वाचक एका श्वासात म्हणतो, तेव्हा मात्र गप्प राहावे.

आता नेण्याविषयी. घरी शिजवलेला पदार्थ किंवा दुकानातील मिठाई नेऊ नये. आपल्या भांड्यांना मांस आणि दूध दोन्ही लागलेले असते आणि बाजारच्या पदार्थांत जिलेटिन किंवा चरबी नसेलच असे सांगता येत नाही, त्यामुळे आजींना ते घेताही येणार नाही आणि नाकारताही येणार नाही. अख्खी फळे, खजूर, साले न काढलेले बदाम हे उत्तम. जेवणात नारळाच्या दुधातील मटण असेल, तर पुरणपोळीवर तूप मागू नये. आमच्या घरी त्या दिवशी पोळीबरोबरही नारळाचेच दूध असते, कारण मांसाच्या पंगतीला दुधातुपाचे काही चालत नाही. कोकणातील नारळाने आमचे धर्मशास्त्र किती सोपे केले आहे, हे स्वयंपाकघरात उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

पंचांगप्रेमी:
तिथीपुरते थोडे लिहितो. पुरीम अदार महिन्याच्या 14 तारखेला असतो. त्यांचे महिनेही चांद्र आहेत आणि 19 वर्षांत 7 वेळा अधिक महिना धरून ते ऋतूंशी जुळवले जातात. म्हणून पुरीम बहुधा फाल्गुनी पौर्णिमेला किंवा तिच्या आसपासच पडतो. 2025 मध्ये पुरीमची रात्र आणि होलिकादहन ही दोन्ही 13 मार्चलाच होती.

अश्दोदहून:
इकडे इस्राएलमध्ये हा मुलांच्या वेशभूषेचा सण आहे. पुरीमच्या सुमारास शाळेत राजे, राण्या आणि अलीकडे सुपरहिरो गर्दी करतात. ‘हामानाचे कान’ नावाची खसखस भरलेली त्रिकोणी बिस्किटे सगळीकडे मिळतात. माझी सून ती करते, मी पुरणपोळी करते आणि आमच्या नातवाला दोन्ही हवी असतात. यरुशलेममध्ये पुरीम एक दिवस उशिरा, म्हणजे 15 तारखेला करतात, म्हणून तेथे नातेवाईक असणाऱ्यांचे दोन दिवस मजेत जातात.

एक गोष्ट राहिली. त्या दिवशी एखाद्या स्नेह्याला किमान दोन खाण्याचे पदार्थ आणि किमान दोन गरिबांना दान देणे आम्हाला बंधनकारक आहे. जो हात पुढे करील त्याला चौकशी न करता द्यावे, असे शास्त्र सांगते. शास्त्रातील ताट यहुदी स्नेह्याचे असले, तरी अलिबागेस आमची आई पुरीमची ताटे आळीतील प्रत्येक घरी पाठवत असे. तेव्हा आपल्याकडेही सकाळी एक ताट येण्याची तयारी ठेवावी.

खोपटकर:
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. खजूर, संत्री आणि बदाम नक्की केले. मात्र ताट खरोखरच आले, तर ते रिकामे परत करण्याची आमच्याकडे पद्धत नाही, आणि घरचे काही घालता येणार नाही. अशा वेळी काय करावे?

माहेरवाशीण:
ताट नुसत्या पाण्याने धुऊन कोरडे करावे, आपल्या ओट्यावरील घासणी त्याला लावू नये, आणि त्यात एक न फोडलेला नारळ ठेवून पाठवावे.