‘वर्णी लागणे’ आणि ‘नियुक्ती करणे’

प्रश्न (सांगली):
शासनाच्या एखाद्या सांस्कृतिक मंडळावर कोणी आले की वृत्तपत्रे ‘अमुक यांची वर्णी’ असा मथळा देतात, तर शासन निर्णयात त्याच गोष्टीला ‘नियुक्ती’ म्हटलेले असते. हे शब्द समानार्थी मानावेत काय? शिवाय त्या पदावर स्त्री असल्यास ‘अध्यक्ष’ लिहावे की ‘अध्यक्षा’?

उत्तर (कराड):
समानार्थी मानू नयेत. ‘वर्णी’चा संबंध ‘वरण’ या शब्दाशी आहे. अनुष्ठानासाठी यजमानाने ब्राह्मणाची योजना करणे, हा मूळ अर्थ. त्या विधीत यजमान स्वतःचे नाव-गोत्र उच्चारून ‘त्वामहं वृणे’ (मी तुमची निवड करतो) असे सर्वांसमक्ष म्हणतो. आजच्या वापरातून नेमका तो निवडणाराच नाहीसा झाला आहे. ‘लागणे’ अकर्मक असल्यामुळे वर्णी कोणी लावली हे सांगण्याची सक्ती वाक्य करीत नाही. (‘वर्णी लावणे’ही रूढ आहे, पण त्याला वशिल्याचा वास अधिकच येतो.) ‘शासनाने नियुक्ती केली’ या वाक्यात मात्र कर्ता हजर असतो, आणि तो हजर असला की जाहिरात निघाली होती का, निवड समितीत कोण होते, त्यात स्त्रिया किती होत्या, हे त्याला विचारता येते.

‘अध्यक्षा’ची गरज मला वाटत नाही. विश्वकोश मंडळाच्या अध्यक्ष विजया वाड होत्या, या वाक्यात लिंग क्रियापदानेच सांगितले. खरी अडचण पदनामापेक्षा जाहिरातीत आहे. ‘उमेदवार पदवीधर असावा’ असे लिहिले की उमेदवार पुरुषच ठरतो. ‘उमेदवाराकडे पदवी असावी’ असे लिहिल्यास क्रियापद पदवीप्रमाणे चालते आणि दार दोघांनाही उघडे राहते.

प्रतिसाद (सांगली):
जाहिरातीची सूचना पटली. कर्त्याविषयी मात्र एक शंका राहते. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला शासनाचे अनुदान मिळते. त्याच्या अध्यक्षपदासाठी पूर्वी ‘निवडणूक’ होई. २०१९च्या यवतमाळ संमेलनापासून संमेलन भरविणारे साहित्य महामंडळ ‘निवड’ करते. पहिल्या ९१ संमेलनांत कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत (१९७५, आपल्याच कराडला), शांता शेळके आणि विजया राजाध्यक्ष या चारच स्त्रिया अध्यक्ष झाल्या. त्यानंतरच्या आठ संमेलनांत अरुणा ढेरे आणि आमच्या सांगलीच्या तारा भवाळकर अशा दोन. म्हणजे मतपेटीपेक्षा बंद दाराआडच्या बैठकीने स्त्रियांना अधिक न्याय दिला, असे म्हणायचे का?

उत्तर (कराड):
आठांवरून नियम काढण्याचे धाडस मी करणार नाही. पण आपला आक्षेप रास्त आहे, कारण मतदारयादी हीदेखील कोणीतरी केलेली निवडच असते. तरीही संमेलनाचे अध्यक्षपद मानाचे आहे, तिथे कोणी अर्ज करीत नाही. पगार, अंदाजपत्रक आणि माणसे नेमण्याचा अधिकार ज्या संचालकपदाला असतो, त्याचा प्रश्न वेगळा आहे. साहित्य अकादमी १९५४ साली स्थापन झाली. नेहरूंपासून माधव कौशिक यांच्यापर्यंत तिचे सारे अध्यक्ष पुरुष आहेत, आणि तिथे तर रीतसर ‘निवडणूक’ होते. तेव्हा ‘निवड’ आणि ‘निवडणूक’ यांपैकी कोणताही शब्द पारदर्शकतेची हमी देत नाही, एवढी दुरुस्ती मी माझ्या पहिल्या उत्तरात करतो. ‘वर्णी’बद्दलचे मत मात्र कायम आहे.