जुळी आउटबोर्ड (बोटीच्या मागे टांगलेली इंजिनं), डावं इंजिन ४९०० आरपीएमच्या वर टिकेना, त्याचा एकट्याचा पंखा बदलू का?

दर्यासारंग२६

नमस्कार मंडळी, अडकलोय म्हणून लिहितोय. २६ फुटी डीप व्ही बोट आहे, मागे १५० एचपीची दोन फोर स्ट्रोक, दोन्ही एकाच वेळी बसवलेली, तासही जवळपास सारखेच. उजव्याला सरळ पंखा, डाव्याला उलटा फिरणारा, दोन्ही १७ पिच (एका फेऱ्यात पंखा हिशोबाने जितके इंच पुढे जातो ते). फुल रेसला उजवं ५६०० ला जातं पण डावं सुरुवातीला ५५०० दाखवतं आणि मिनिटभरात घसरत ४९०० ला येऊन बसतं, अलार्म नाही, पाण्याची धार दोन्हीकडे सारखी जोरात, रेस कमी केली की एकदम गोड चालतं. पुस्तकात फुल थ्रॉटलला ५००० ते ६००० दिलंय. एकाने सुचवलं की डाव्याला १५ पिच टाक, आरपीएम वर येईल. टाकू का? आणि दुसरी तक्रार, डावीकडे जोरात वळवलं की उजवं इंजिन अचानक ओरडतं, काटा उडतो आणि बोट ढिली पडते. दोन्हीचं कारण एकच असेल का?

पाना_पकड

भाऊ पंख्याला हात लावू नका अजून. पिच जास्त असता तर पहिल्या सेकंदापासून आरपीएम कमीच राहिला असता, तुमचं आधी ५५०० ला जातंय आणि मग घसरतंय म्हणजे इंजिनात ताकद आहे, पेट्रोल पुरत नाहीये. जेवढं साठलेलं आहे तेवढ्यावर पळतं आणि मग उपाशी पडतं. १५ पिच टाकलात तर एका इंचाला साधारण १५० ते २०० आरपीएम या हिशोबाने आकडा वर येईल पण दुखणं तसंच राहील, वर दोन बाजूंचे पंखे वेगळे म्हणजे बोट एका अंगाला ओढणार.

आता करायचं काय, एकाला स्टिअरिंगवर बसवा आणि तुम्ही मागे डाव्या लाइनच्या फुग्यावर नजर ठेवा, म्हणजे प्रायमर बल्ब. आरपीएम घसरताना फुगा चपटा होत असेल तर अडथळा फुग्याच्या अलीकडे आहे, टाकीच्या बाजूला: टाकीचा व्हेंट (हवेचं छिद्र), पिकअप (टाकीतली पेट्रोल ओढणारी नळी), अँटी सायफन व्हॉल्व्ह (टाकीतून पेट्रोल आपोआप वाहू न देणारा), पाणी वेगळं करणारा फिल्टर. घट्टच राहिला तर पुढे इंजिनाकडे बघायचं. त्यानंतर जुळ्या इंजिनांचा खरा फायदा घ्या, फिल्टरच्या पुढचे दोन्ही पाइप आपसात बदला. दुखणं उजवीकडे गेलं तर इंजिन निर्दोष आणि डाव्या टाकी-फिल्टरच्या बाजूलाच घाण. आणि हे सापडेपर्यंत फुल रेसवर ताणू नका, पेट्रोल कमी आणि लोड पूर्ण अशा हालतीत पिस्टन भाजतात.

भरती_ओहोटी

पाना_पकड यांचं बरोबर आहे, मी फक्त दोन गोष्टी जोडते ज्या फुकटात तपासता येतात. एक, इंजिन बंद ठेवून काउल (इंजिनावरचं झाकण) काढा आणि कुणाला तरी लिव्हर पूर्ण पुढे ढकलायला सांगा, दोन्हीकडे थ्रॉटल स्टॉपरला टेकतोय का बघा. केबल थोडी ढिली असली तरी एक बाजू पूर्ण उघडतच नाही (तुमची केस ही वाटत नाही, कारण तुमचं आधी वर जातंय, पण बघून ठेवा). दोन, काट्याचे टॅको (आरपीएम दाखवणारी मीटरं) असतील तर मागचं सिलेक्टर दोन्हीवर एकाच आकड्यावर आहे ना, नाहीतर आपण उगाच खोट्या फरकाच्या मागे धावतो.

वळणावरचं दुखणं मात्र वेगळं आहे, पेट्रोलशी संबंध नाही. डावीकडे वळताना बोट डावीकडे कलते, उजवं इंजिन वर उचललं जातं, आणि ते आधीच उंच बसलं असेल तर पंखा वरून हवा ओढतो. तिथे पंख्याला पाणी नाही हवा मिळते म्हणून तो ओरडतो. पट्टी घ्या, इंजिनाच्या बरोबर समोरच्या तळाला लावून मागे न्या आणि पंख्यावरची आडवी प्लेट पट्टीपेक्षा किती वर आहे ते मोजा. मोजायचं प्रत्येक इंजिनासमोरच्या तळापासून, मधल्या कीलपासून नाही, कारण व्ही तळात बाजूचा भाग मुळातच कीलपेक्षा वर असतो. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. मोजताना ट्रिम (इंजिनाचा आत-बाहेरचा कल) दोन्हीकडे सारखा करा, गेजवर विश्वास नको, सेन्सर क्वचितच जुळलेले असतात.

दर्यासारंग२६

खूप खूप आभार दोघांचे! फुगा पार चपटा झाला, पाइप बदलले तर दुखणं सरळ उजव्या इंजिनावर गेलं. मग फिल्टर नवीन टाकला, फरक शून्य. शेवटी डाव्या टाकीच्या तोंडाचं फिटिंग उघडलं, त्यातल्या अँटी सायफन व्हॉल्व्हच्या गोळीभोवती पांढरट चिकट राप बसला होता, स्प्रिंग दाबली तर गोळी अर्धीच सरकत होती, बाकी लाइन अगदी स्वच्छ. तोच व्हॉल्व्ह त्याच मापाचा नवीन टाकला. आता दोन्ही इंजिनं ५९०० ला, दोघंच बोटीत आणि पेट्रोल अर्ध. उंचीचंही सापडलं, उजवं इंजिन डाव्यापेक्षा एक होल वर बसवलेलं निघालं, बसवणाऱ्याने तसं का केलं माहीत नाही. पण आता ५९०० म्हणजे लिमिटरच्या (ज्यापुढे इंजिन स्वतःच आरपीएम रोखतं) जवळ, मग उलट मोठा पिच लागेल का? जीपीएसवर ३६ नॉट मिळाले, गिअर रेशो २ आहे (इंजिनाच्या दोन फेऱ्यांत पंख्याची एक).

पाना_पकड

मस्त काम केलंत, व्हॉल्व्ह काढून टाकायचा मोह टाळलात ते फार बरं, टाकीखाली पाइप फुटला तर पेट्रोल बोटीत सायफन होऊ नये म्हणूनच तो असतो.

उजवं आधी ५६०० होतं ते आता ५९०० का झालं बघा, डावं ओढत नव्हतं तेव्हा बोट हळू होती आणि उजव्यावर जास्त भार पडत होता. म्हणूनच एक इंजिन आजारी असताना दुसऱ्याच्या आकड्यावरूनही पंखा ठरवायचा नसतो. आता हिशोब: ५९०० गुणिले १७, भागिले २, भागिले १२१५ (मिनिटाला इंचांचे नॉट करणारा आकडा), आले ४१ नॉट. तुम्हाला ३६ मिळतात, म्हणजे स्लिप (हिशोबी वेग आणि खऱ्या वेगातला फरक) १२-१३ टक्के, अशा बोटीला एकदम ठीक. पिच तोच ठेवा, हलक्या बोटीला ५९०० म्हणजे माणसं, बर्फ, सामान, भरलेली टाकी चढली की ५५००-५६०० ला येईल आणि तिथेच इंजिन सुखी असतं. १९ घेतलात तर भरलेली बोट ५००० च्या आसपास रखडेल.

भरती_ओहोटी

उजवं एक होल खाली घ्या, बोल्ट काढण्याआधी इंजिनाला वरून होइस्टचा आधार द्या, आणि होलात सीलंट नवीन भरा, जुनं राहिलं तर ट्रान्सममध्ये (बोटीच्या मागच्या भिंतीत) पाणी शिरतं. उंची बदलली की टाय बारसुद्धा (दोन्ही इंजिनं जोडणारा दांडा) बघा, दोन्ही इंजिनांमधलं अंतर पुढे आणि मागे मोजून आधी समांतर ठेवा. मग वळणाची चाचणी भरलेल्या बोटीनेच घ्या, आधी ट्रिम थोडा आत आणि मग वळवा, आणि तरीही ओरडलं तर दोन्हीचे मोजलेले आकडे इथे टाका.