मदत हवी आहे : ताणलेल्या साडीशिवाय व्यापक सापेक्षता कशी समजवावी?

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी दहावीच्या मुलांना आइन्स्टाइन यांचा व्यापक सापेक्षता सिद्धांत (गुरुत्वाकर्षण म्हणजे ओढ नसून वस्तुमानामुळे वाकलेला अवकाश-काल, म्हणजे अवकाश आणि काळ मिळून झालेली एकच रचना) सांगायचे ठरवले आणि तयारी म्हणून नेहमीचा प्रयोग करून पाहिला. चार मुलांनी जुनी सुती साडी ताणून धरली, मधोमध किराणा दुकानातून आणलेले दोन किलोचे लोखंडी वजन ठेवले आणि कडेने गोट्या सोडल्या. गोट्या वजनाभोवती फिरत आत जाऊ लागल्या, तेव्हा साडीचे एक टोक धरलेली मुलगी म्हणाली, "सर, गोटी खड्ड्यात जाते ती पृथ्वी तिला खाली ओढते म्हणूनच ना? मग गुरुत्वाकर्षण समजवायला आपण गुरुत्वाकर्षणच वापरतोय की." तिचा आक्षेप पूर्णपणे बरोबर आहे, हे मी तिथेच मान्य केले.

त्यानंतर केलेल्या वाचनातून मला उमगले ते असे. साडीत केवळ अवकाश वाकलेले दिसते, काळ कुठेच दिसत नाही. पण दगडासारख्या संथ वस्तूच्या पडण्यात जवळजवळ सगळा वाटा काळाचाच असतो. जमिनीलगतचे घड्याळ एक मीटर उंचीवरच्या घड्याळापेक्षा मागे पडते, आणि हा फरक एकावर सोळा शून्ये एवढ्या भागांत जेमतेम एक भाग इतका सूक्ष्म आहे. तरीही दगड पडतो, कारण प्रकाशाच्या मापाने एक सेकंद म्हणजे तीन लाख किलोमीटर, आणि एवढ्या लांबीवर अगदी बारीक वाकही पहिल्या सेकंदाअखेर ४.९ मीटर भरतो. प्रकाशाच्या बाबतीत मात्र अवकाशाचा वाटाही तेवढाच असतो. म्हणूनच सूर्याच्या कडेजवळून येणाऱ्या ताऱ्याच्या किरणाचे वळण १९११ साली आइन्स्टाइन यांनी ०.८७ विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आसपास काढले होते, ते १९१५ साली दुप्पट, म्हणजे १.७५ विकला झाले, आणि २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणातील निरीक्षणांनी या दुसऱ्या आकड्याच्या बाजूने कौल दिला.

आता माझी खरी अडचण. साडीऐवजी मी प्लास्टिकची बादली उपडी ठेवली आणि तिच्या वरच्या अंगाला अरुंद चिकटपट्टी आडवी लावून, एकही सुरकुती पडू न देता, सरळ पुढे चिकटवत गेलो. पट्टी आपोआप रुंद बाजूकडे, म्हणजे जमिनीकडे उतरली. बादली आडवी करूनही पट्टी रुंद बाजूकडेच गेली. म्हणजे इथे पृथ्वीच्या ओढीची उसनवारी नाही, आणि त्या मुलीचा आक्षेप मिटतो. बादलीचा घेर म्हणजे काळ, उंची म्हणजे उंची आणि पट्टी म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा मार्ग, असे मी मानले होते. पण जमिनीलगत घड्याळ हळू चालते, तर तिथे घेर लहान हवा. तसा धरला तर पट्टी वर चढते! घेराने नेमका कोणता काळ दाखवायचा, वस्तूच्या स्वतःच्या घड्याळाचा की दूरच्या निरीक्षकाचा? की अंतराच्या सूत्रात अवकाश आणि काळ यांची चिन्हे (अधिक-उणे) विरुद्ध असल्यामुळे हे चित्र मुळातच उलटे धरावे लागते?

दुसरी शंका विश्वरचनेची आहे. साडी पाहिलेल्या मुलांच्या मनात जिथे वस्तुमान तिथे खळगा, हे पक्के बसते. मात्र वैश्विक सूक्ष्मलहरी प्रारणाच्या (विश्वाच्या सुरुवातीच्या काळापासून उरलेल्या प्रारणाच्या) मोजमापांनुसार, दीर्घिकांनी भरलेले असूनही, फार मोठ्या प्रमाणावर अवकाश जवळपास सपाट आहे. मी असे सांगणार आहे की कोणत्याही एका क्षणाचे अवकाश सपाट असले, तरी दीर्घिकांमधली अंतरे काळाबरोबर वाढत असल्यामुळे अवकाश-काल वक्रच राहतो, आणि रशियन शास्त्रज्ञ फ्रीडमन यांनी १९२२ साली व बेल्जियन शास्त्रज्ञ लमेत्र यांनी १९२७ साली आइन्स्टाइन यांच्या समीकरणांतून हेच प्रसरण काढले. या विधानात काही चूक असल्यास कृपया दाखवावी.

उत्तर मराठीतूनच द्यावे ही विनंती, कारण ही मुले पुढच्या वर्षी बेळगावला पीयूसीला (अकरावी-बारावीला) जातील आणि तिथे सगळे इंग्रजीतून शिकतील. त्याआधी ही कल्पना त्यांच्या स्वतःच्या भाषेत पक्की व्हावी असे मला मनापासून वाटते. "अवकाश-काल" आणि "दिक्काल" यांपैकी कोणता शब्द वापरावा, तेही कळवावे. दोनांपैकी एकाच प्रश्नाला वेळ असेल तर बादलीचा घ्यावा. त्या मुलीला मी विज्ञान दिनाआधी उत्तर देण्याचा शब्द दिला आहे.