अकराला बंद करा, एवढंच लिहून भागेल का?

पहिला_मजला

घरांना लागून असलेल्या धंद्यांना रात्री ११ ची मर्यादा घालायचा मसुदा आमच्या पालिकेने काढलाय. हरकती-सूचना द्यायला आठ दिवस उरलेत. माझ्या बेडरूमच्या बरोबर खाली खाण्यापिण्याची जागा आहे, सध्या १ पर्यंत परवाना. आई माझ्याजवळ असते. गोळी घेऊन दहाला पडते आणि एकदा जाग आली की पहाटेपर्यंत तिचा डोळा लागत नाही.

आधी कागदावर एकच ओळ लिहिली होती, "सगळं ११ ला बंद करा." मग म्हटलं, आधी नीट बघू तरी. पंधरा रात्री उशाशी वही ठेवली आणि आई कशाने उठते ते टिपलं. अकरा वेळा उठली, त्यातल्या नऊ वेळा एक वाजून गेल्यावर. म्हणजे धंदा बंद झाल्यावर! खुर्च्या फरशीवरून ओढत नेऊन एकावर एक चढवतात, तो आवाज खांबातून थेट पलंगात येतो. मग रिकाम्या बाटल्या पिंपात ओततात. शेवटी शटर. ते एका दमात खाली येत नाही, अर्ध्यात अडकतं, कुणीतरी लाथ घालतं, मग धाडकन. गाणी ऐकू येत नाहीत, पण ठोका येतो. भिंतीला हात लावला की तळव्याला कळतो.

११ ला बंद झालं तर हेच सगळं सव्वाअकराला होणार, आणि आई तेव्हाही झोपलेलीच असणार. शिवाय खाली काम करणाऱ्या पोरांचे दोन तास जातील. मला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही, आईची झोप हवी आहे. सूचनेत नेमकं काय लिहू?

जुना_परवाना

ताई, वही जपून ठेवा, तारीख-वेळेसकट तिची प्रत अर्जाला जोडा. "खूप त्रास होतो" असं लिहिलेले अर्ज मी नोकरीत गठ्ठ्याने पाहिले, त्यांवर काही करता येत नसे.

पहिली सूचना ही करा की "बंद" म्हणजे काय ते नियमात लिहा. शेवटचं गिऱ्हाईक आत घ्यायची वेळ, शेवटची ऑर्डर, गिऱ्हाईक बाहेर पडायची वेळ आणि आवराआवर संपून शटर पडायची वेळ, या चार वेगळ्या वेळा आहेत. नियमात नुसतं "११" असलं की मालक म्हणतो, शेवटची ऑर्डर ११ ची. तुम्ही म्हणता, दिवे ११ ला गेले पाहिजेत. तपासायला आलेला माणूस फुटपाथवर उभा राहतो आणि त्याला पंचनाम्यात लिहायला काही सापडत नाही.

दुसरं, सरसकट वेळेपेक्षा त्या-त्या परवान्यात अटी मागा. इंग्लंडमध्ये पबची साधारण वेळ ११ ची असे, सगळे एकदमच रस्त्यावर येत. २००३ चा परवाना कायदा नोव्हेंबर २००५ पासून लागू झाला, तेव्हापासून तिथे प्रत्येक जागेची वेळ आणि अटी वेगळ्या ठरतात. आजूबाजूच्या रहिवाशांना परवान्याचा फेरविचार मागता येतो. फेरविचाराचं हे कलम तुमच्या मसुद्यात आहे का, बघा. नसेल तर तेच आधी मागा.

कान_उघडे

मोजणीबद्दल सांगतो, कारण इथेच रहिवासी हरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत बेडरूमच्या आत सलग आवाजासाठी ३० डेसिबल आणि मध्येच होणाऱ्या एकेका आवाजासाठी ४५ डेसिबल असे दोन वेगळे आकडे आहेत. तुमचं शटर दोन सेकंदांचं. तासाभराच्या सरासरीत ते विरघळून जातं आणि कागदावर "मर्यादेत" येतं. म्हणून सरासरीबरोबर कमाल आवाजाचीही मर्यादा मागा.

ठोक्याचं आणखी वेगळं आहे. नेहमीचं मापन "ए" प्रकारचं असतं, त्यात खालच्या पट्टीचा आवाज कमी धरतात. ६३ हर्ट्झचा आवाज जवळपास २६ डेसिबलने कमी मोजला जातो. नेमका तोच भिंतीतून येतो. खालच्या पट्टीचा आवाज फारसा कमी न धरणारं "सी" मापनही घ्या, आणि रस्त्यावर नाही, खिडक्या लावून बेडरूममध्ये घ्या, असं लिहा.

खालचा_माणूस

माझीही अशीच जागा आहे, वर घरं आहेत. दोन वर्षं वरचे लोक तोंडाने काही बोलले नाहीत, एकदम नोटीसच आली. फार वाईट वाटलं, कारण निम्म्या गोष्टी आठवड्यात करता आल्या. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या. बाटल्या रात्री खोक्यात उभ्या ठेवायच्या, ओतायच्या सकाळी. शटरच्या पट्ट्यांना ग्रीस, खाली रबराची पट्टी. स्पीकर भिंतीवरून काढून रबरी पॅडवर ठेवले तेव्हा वरचा ठोका बराच कमी झाला.

दाराबाहेर उभं राहून बोलणाऱ्यांचं काय करायचं, हे मात्र अजून पुरतं सुटलेलं नाही. शेवटचा अर्धा तास एक मुलगा तिथेच उभा ठेवतो. ११ ची सक्ती झाली तर मला दोन माणसं कमी करावी लागतील. आधी खाली जाऊन बोला, ताई.

दीडची_पाळी

मी रात्री दीडला सुटते. ज्या रस्त्यावर एखादी जागा उघडी असते, उजेड असतो, त्याच रस्त्याने घरी येते. सगळंच काळोखं करू नका एवढंच मागणं.

पहिला_मजला

सगळ्यांचे मनापासून आभार. दीडची पाळी, तुमचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

काल रात्री मालकांना वर बोलावलं. आई आतल्या खोलीत होती. ते माझ्या पलंगाच्या कडेवर बसले आणि खाली पोरांनी रोजच्यासारख्या खुर्च्या ओढल्या. ते एकदम उठलेच. मग मी भिंतीला हात लावायला सांगितलं. बराच वेळ हात तसाच ठेवून उभे होते. म्हणाले, खाली यातलं काहीच कळत नाही हो.

टोप्या आज बसल्या. शटर दुरुस्त करायला गुरुवारी माणूस येणार आहे.

अर्ज मात्र देतेच आहे, कारण उद्या मालक बदलले तर मला पुन्हा पंधरा रात्री वही घेऊन बसायचं नाही. गिऱ्हाईक आत घेणं १२ ला थांबावं, शटर १ च्या आत पडावं, बाटल्या सकाळी ७ नंतरच, कमाल आवाज बेडरूममध्ये मोजावा, आणि फेरविचाराचं कलम. जुना परवाना काका, उद्या मसुदा इथे टाकते, "बंद"ची व्याख्या तेवढी नजरेखालून घालाल का?