छातीच्या स्कॅनमध्ये अचानक अॅड्रिनलची गाठ दिसली. पुढच्या फ्लूमध्ये आईला जास्त धोका आहे का?

लालबागची लेक

नमस्कार. माझी आई ६४ वर्षांची असून तिला मधुमेह आणि उच्च रक्तदाब आहे. ऑगस्टमध्ये तिला इन्फ्लुएन्झा झाला, ऑक्सिजन उतरल्यामुळे सहा दिवस रुग्णालयात ठेवावे लागले आणि दम लागत असल्याने स्टेरॉइडही दिले गेले. त्याच्या गोळ्या गेल्या आठवड्यात संपल्या. तिथे काढलेल्या छातीच्या साध्या सीटी स्कॅनच्या अहवालात अगदी शेवटच्या ओळीत ‘डाव्या अॅड्रिनल ग्रंथीत १.८ सेंमी गाठ, घनता ६ हाउन्सफील्ड’ असे लिहिलेले मला घरी आल्यावर दिसले. घरी सोडताना याविषयी कोणी काहीच बोलले नव्हते. या गाठीमुळेच आईचा आजार एवढा वाढला का, आणि पुन्हा असा ताप आला तर तो तिला झेपेल का, या दोन प्रश्नांनी मला झोप लागत नाही.

निवृत्त फिजिशियन, दादर

आपण अहवालाची शेवटची ओळ वाचली, हे फार चांगले झाले. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या या ग्रंथी छातीच्या स्कॅनच्या सर्वांत खालच्या भागात बहुधा दिसतात, त्यामुळे फुप्फुसांसाठी काढलेल्या स्कॅनमध्ये त्यांच्या गाठी सापडणे नवलाचे नाही. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडसाठी सर्रास स्कॅन झाले, तेव्हा अशा अहवालांचे कागद घेऊन माझ्याकडेही बरेच लोक येत असत. वयानुसार या गाठींचे प्रमाण वाढत जाते आणि त्यांतल्या बहुतेक कर्करोगाच्या नसतात. आपल्या आईच्या गाठीची घनता १० हाउन्सफील्डपेक्षा (हे स्कॅनमधील घनतेचे एकक) कमी आहे, म्हणजे तिच्यात चरबीचा अंश भरपूर आहे. गाठ एकसारखी दिसत असेल, तर ती निरुपद्रवी असल्याची ही भक्कम खूण मानली जाते.

आता मुख्य मुद्दा. संसर्गाच्या दृष्टीने गाठीच्या आकारापेक्षा ती कॉर्टिसोल, म्हणजे या ग्रंथींतून स्रवणारे शरीराचे नैसर्गिक स्टेरॉइड, बनवते का, याला महत्त्व आहे. स्राव न करणाऱ्या गाठीने फ्लू बळावण्याचे कारण नाही. मात्र गाठ शरीराच्या नियंत्रणाबाहेर थोडे थोडे कॉर्टिसोल सोडत राहिली, तर साखर आणि रक्तदाब वाढतात, पोटाभोवती चरबी साठते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि विषाणूला थोपवणारी प्रतिकारशक्ती मंदावते. यांतल्या बऱ्याच गोष्टी कोविड किंवा इन्फ्लुएन्झा गंभीर होण्यास स्वतंत्रपणेही कारणीभूत असतात. म्हणून ज्या रुग्णाला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, त्याच्या बाबतीत ‘गाठ साधी आहे, विसरून जा’ असे सांगणे मला पटत नाही.

तपासणी सोपी आहे. रात्री ११ वाजता डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची १ मिलिग्रॅमची गोळी घ्यायची, जिच्यामुळे निरोगी ग्रंथी कॉर्टिसोल बनवणे थांबवते, आणि सकाळी ८ ते ९ दरम्यान रक्तातील कॉर्टिसोल मोजायचे. ते १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून कमी आले, तर गाठ आपल्या मर्जीने कॉर्टिसोल सोडत नाही असे समजतात. पण ही तपासणी आत्ता करू नका. तीव्र आजारात कॉर्टिसोल आपोआप चढते आणि बाहेरून घेतलेले स्टेरॉइडही हिशेब बिघडवते, त्यामुळे आई पूर्ण सावरल्यावर, काही आठवड्यांनी, हॉर्मोनतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच ती करावी. रक्तदाब आहे म्हणून रक्तदाबाशी संबंधित अल्डोस्टेरोन व रेनिन ही हॉर्मोन्स आणि पोटॅशियमही तपासून घ्यावे. कोणी क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन घेत असेल, तर त्याने डेक्सामेथासोन लवकर निकामी होते आणि निकाल खोटा वाढलेला येतो. आपल्या शहरात हे विसरून चालत नाही.

मुलुंडकर

माझ्या यजमानांची गाठ कॉर्टिसोल बनवणारी निघाली आणि ती काढावी लागली. ती एकटीच एवढी वर्षे स्राव करत असल्याने दुसरी ग्रंथी निपचित पडली होती, म्हणून शस्त्रक्रियेनंतर दहा महिने हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोलची उणीव भरून काढणारे स्टेरॉइड) चालू होते. त्याच काळात त्यांना कोविड झाला. ताप चढताच डॉक्टरांनी आधीच लिहून दिल्याप्रमाणे मी डोस दुप्पट केला. उलट्या झाल्या तर इंजेक्शनसाठी लगेच रुग्णालय गाठायचे, हेही ठरलेले होते. अशा रुग्णाचे स्टेरॉइड तापात ‘प्रतिकारशक्ती कमी होईल’ या भीतीने कुणी बंद केले, तर जिवावर बेतू शकते. तो कागद आजही आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे.

लालबागची लेक

आपणा दोघांचे मनापासून आभार. आणखी एक विचारते: तोवर सर्दी-खोकल्याची औषधे आणि लस यांबाबत काय करावे?

निवृत्त फिजिशियन, दादर

इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी घ्यावी. मुंबईत फ्लू पावसाळ्यात उसळतो, म्हणून ती एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकस जिवाणूच्या लसीबद्दलही विचारा. नाक मोकळे करणाऱ्या स्यूडोएफेड्रीनसारख्या औषधांनी रक्तदाब चढतो, तेव्हा ती आईला देऊ नका. गाठीची घनता १० पेक्षा जास्त असती, तर आधी मेटानेफ्रिनची (अॅड्रिनॅलिनपासून बनणाऱ्या घटकाची) तपासणी करून अॅड्रिनॅलिन बनवणारी गाठ नाही ना, याची खात्री करावी लागली असती, कारण तशा गाठीत हीच औषधे रक्तदाबाचा भडका उडवतात. आपल्या आईला ती तपासणी लागेल असे वाटत नाही. हॉर्मोनतज्ज्ञांकडे जाताना केवळ अहवाल नेऊ नका, स्कॅनची सीडी बरोबर ठेवा. गाठ एकसारखी आहे का, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल.