मदत हवी आहे: गाडीच्या डाव्या टेललाइटमध्ये पाणी साचतंय

तेरेखोलकाठ

नमस्कार मंडळी,

मी सावंतवाडीजवळ राहतो आणि कामासाठी आंबोली घाटातून सतत ये-जा असते. गाडी 2018 ची पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली, वॉरंटी केव्हाच संपलीय. घरी शेड नाही, त्यामुळे ती उघड्यावरच उभी असते.

गेल्या पावसाळ्यात डाव्या टेललाइटच्या काचेवर आतून नुसती वाफ धरायची आणि ऊन आलं की जायची. यंदा प्रकरण वाढलंय. आता चक्क थेंब धरतात, एकमेकांत मिसळत खाली ओघळतात आणि रिव्हर्सच्या पांढऱ्या खणात साचतात. डिकीचं दार आपटलं की आतलं पाणी हिंदकळताना दिसतं. दोन-तीन चमचे तरी असेल. त्यातच डावा इंडिकेटर मध्येच दुप्पट वेगाने टिकटिकायला लागतो आणि थोड्या वेळाने आपोआप ठीक होतो.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, पावसात असं होतंच, फार वाटत असेल तर अख्खा लाइट बदला. गावातला मेकॅनिक म्हणतो, चारी बाजूंनी सिलिकॉन मारून देतो. एका मित्राचं म्हणणं, खाली भोक पाड म्हणजे पाणी निघून जाईल. तिघांचे तीन सल्ले, आणि पाणी आत येतंय कुठून ते कोणीच सांगत नाही.

घाटात जुलै-ऑगस्टमध्ये धुकं असं असतं की मागच्या ट्रकवाल्याला माझी गाडी दिसते ती फक्त या दोन लाल दिव्यांमुळे. म्हणून काम चालढकलीचं नकोय. जाणकारांनी कृपया सांगावं: बदलण्याशिवाय इलाज आहे का? पाणी शिरण्याची जागा घरच्या घरी शोधता येते का? आणि सिलिकॉन मारावं की नाही?

वायरिंगवाला

आधी काही गोष्टी सांगा, मग बोलू. फक्त डावाच की उजव्यातही थोडी वाफ धरते? आत साधे बल्ब आहेत की एलईडी? मागच्या बाजूला कधी डेंटिंग-पेंटिंग झालंय का? आणि डिकीतलं कार्पेट उचलून डाव्या कोपऱ्यात हात लावून बघा, ओल आहे का.

तेरेखोलकाठ

लगेच बघून आलो. उजवा एकदम कोरडा. बल्ब साधेच. डाव्या कोपऱ्याला रंगाचं काम झालंय, आधीच्या मालकांनी विकतानाच सांगितलं होतं की मागून कोणीतरी बाइक ठोकली होती. डिकीत स्टेपनीजवळ किंचित ओल लागतेय, पाणी नाही. बाहेरच्या काचेवर तडा दिसत नाही.

साचेवाला_चाकण

मी गाड्यांचे दिवे आणि त्यांचे प्लास्टिकचे भाग बनवण्याच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टेललाइट हवाबंद डबा नसतो, आणि तो तसा करायचाही नसतो. आत 21 वॅटचा ब्रेकचा बल्ब जळतो, वरून ऊन लागतं, आतली हवा तापून फुगते. तिला बाहेर पडायला वाट नसेल तर सगळा ताण जोडावर येतो. म्हणून मागच्या काळ्या बॉडीला श्वास घ्यायची जागा ठेवलेली असते: कुठे वाकडी रबरी नळी, कुठे टोपी, कुठे फोमचा तुकडा, तर नव्या दिव्यांत एक पातळ पडदा. हा पडदा हवा आणि वाफ जाऊ देतो, पाण्याचा थेंब जाऊ देत नाही.

आता गणित बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. 30 अंश तापमानाला पूर्ण दमट हवेत दर घनमीटरला साधारण 30 ग्रॅम वाफ मावते, 20 अंशांना 17 ग्रॅमच्या आसपास. टेललाइटच्या आत तीन लिटर हवा धरली, तर 30 अंशांना त्यात सगळी मिळून 0.09 ग्रॅम वाफ झाली. म्हणजे जेमतेम दोन थेंब. रात्री पारा 20 वर आला तर त्यातला निम्म्याहून कमी भाग काचेवर बसेल. पहाटे काच धूसर दिसते ती एवढ्याशा पाण्यानेच. ती वाफ उन्हाने किंवा अर्धा तास दिवे लावून गाडी चालवली की जात असेल, तर तिच्यामागे लागू नये. सर्व्हिस सेंटरचं वाक्य त्या वाफेपुरतं खरं आहे.

पण दोन-तीन चमचे पाणी हवेतून येत नाही. चहाचा एक चमचा म्हणजे पाच मिलिलिटर, इथे आपण थेंबांचा हिशोब करतोय. तुमच्या दिव्यात पाणी पाण्याच्याच रूपात शिरतंय. त्यामुळे तुमच्या केसमध्ये सर्व्हिस सेंटरचं म्हणणं मला मान्य नाही.

ते शिरतं कसं तेही सांगतो. तापलेला दिवा 60 अंशांवर असताना त्यावर गार पाणी पडलं आणि तो 25 वर आला, तर आतली हवा सुमारे एक दशांशाने आकसते. तीन लिटरच्या दिव्याला तेवढ्यात तीनशे मिलिलिटर हवा बाहेरून ओढून घ्यावी लागते. श्वासाची वाट मोकळी असेल तर ती तिथून येते. ती बुजली असेल तर दिवा मिळेल त्या फटीतून ओढतो, आणि त्या फटीवर पाणी उभं असेल तर पाणीच आत जातं. उन्हातून येऊन लगेच वॉशिंग सेंटरला प्रेशरने गाडी धुतली, किंवा घाटात अचानक सर आली, तर हेच होतं. उघड्या डोळ्यांना न दिसणारा तडाही त्याला पुरतो.

रंगकाम झालेल्या गाडीत मला दोन शंका येतात. धडकेने बॉडीला, बहुतेक फिटिंगच्या बोल्टाजवळ, बारीक तडा गेला असेल. आणि रंगवताना श्वासाची टोपी रंगाने किंवा लांबीने (पुटीने) बुजली असेल. दिवा काढूनच बघा.

म्हापसा_रोड

गोव्यात आमच्याकडे तीच हवा, तीच उघड्यावरची पार्किंग. माझ्या गाडीत एलईडी टेललाइट आहेत आणि दोन्हीकडे वाफ धरते. साध्या बल्बपेक्षा ती जायला खूप वेळ लागतो, कारण एलईडी काचेच्या बाजूला उष्णता फारशी देतच नाही. मी घाबरून गेलो होतो, पण दुपारपर्यंत साफ होते आणि थेंब कधी दिसले नाहीत. म्हणून हात लावलेला नाही.

ज्यांची गाडी वॉरंटीत आहे त्यांनी मात्र स्वतः काही उघडू नये. थेंब किंवा साचलेलं पाणी स्पष्ट दिसेल असे फोटो तारखेसकट काढून लेखी तक्रार द्यावी. नुसत्या वाफेवर क्लेम सहसा मान्य होत नाही, साचलेल्या पाण्यावर होण्याची शक्यता जास्त.

कातळवाट

माझ्या जुन्या गाडीला मी खाली दोन बारीक भोकं पाडली होती. पाणी साचायचं बंद झालं. एवढा विचार कशाला करायचा?

साचेवाला_चाकण

कातळवाट, पाणी साचायचं थांबतं हे खरं, पण त्याच भोकातून चाकाने उडवलेला चिखल आणि धूळ आत जाते. आतल्या परावर्तकावर ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो. तो एकदा काळवंडला की दिवा लागतो, पण लांबून मंद दिसतो. तेरेखोलकाठ यांची काळजी नेमकी तीच आहे, धुक्यात दिसण्याची. शिवाय मूळ फट तशीच राहते. माझ्या मते भोक पाडू नये.

वायरिंगवाला

मीही भोकाच्या विरोधात. आता करायचं काय ते सांगतो, मी दुकानात असंच करतो.

डिकीच्या आतून झाकण काढलं की बहुतेक हॅचबॅकमध्ये एक-दोन नट किंवा स्क्रू दिसतात, दहाचा पाना लागतो. ते काढून दिवा सरळ मागे ओढायचा, आडवा पिळायचा नाही, बाहेरच्या बाजूच्या प्लास्टिकच्या खुंट्या तुटतात. कपलर (वायरींचा प्लग) सोडवा, होल्डर फिरवून बल्ब बाहेर घ्या. होल्डरच्या भोवतीची रबरी रिंग जागेवर आहे का, चपटी झालीय का बघा. पाणी शिरायची ती पहिली संशयित जागा. दिवा उलटा करून पाणी काढून टाका.

मग बल्बच्या जागा चिकटपट्टीने बंद करा, श्वासाच्या नळीला किंवा टोपीच्या जागी एक रबरी नळी लावा, सगळ्या जोडावरून साबणाचं पाणी ब्रशने फिरवा आणि नळीतून तोंडाने हलकी फुंकर मारत राहा. जिथे बुडबुडे येतील तिथे मार्करने खूण करा. कंप्रेसर लावू नका, जोडच उघडेल.

वाळवताना हेअर ड्रायर कमी उष्णतेवर आणि लांबून. टेललाइटची काच म्हणजे ॲक्रिलिक, ते 100 अंशांच्या आसपास मऊ पडतं. त्याच कारणासाठी हेडलाइटचे व्हिडिओ बघून ओव्हनमध्ये घालू नका. हेडलाइटचा जोड पुष्कळदा गरम केल्यावर सुटणाऱ्या सीलंटचा असतो, टेललाइट बहुतेक वितळवून जोडलेले असतात. ते सुटत नाहीत, वाकडे होतात. आतून धुवायची वेळ आलीच तर डिस्टिल्ड वॉटर वापरा, नळाचं पाणी वाळल्यावर पांढरे डाग सोडतं. थिनर, पेट्रोल किंवा स्पिरिट काचेला लावू नका, ॲक्रिलिकवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात.

सिलिकॉन मारायचं, पण फक्त खूण केलेल्या जागी. चारी बाजूंनी मारलं तर श्वासाची वाट जाते आणि पुढच्या वेळी तपासताही येत नाही. ट्यूब घेताना न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलीच घ्या. व्हिनेगरसारखा वास येतो ते स्वस्त सिलिकॉन नको, त्यातून सुटणारं ॲसिड पितळी पट्ट्या आणि आतला चकचकीत थर खातं. फेविक्विकसारखा गोंदही नको, त्याच्या वाफेने आतून पांढरी झाक बसते.

सिलिका जेलच्या पुड्या वाळवताना उपयोगी, कायमच्या आत ठेवू नका. बल्बजवळ गेल्या तर जळतील, आणि ओल शोषून भरल्यावर काही कामाच्या नाहीत.

तेरेखोलकाठ

धन्यवाद मंडळी. आज उघडीप मिळाली म्हणून दिवा काढला. साचेवाल्यांच्या दोन्ही शंका खऱ्या निघाल्या.

मागच्या काळ्या बॉडीवर वरच्या बाजूला एक छोटी टोपी आहे. तिच्या कडेने गाडीच्याच रंगाचा थर पूर्ण वळलाय, नखाने खरवडला तेव्हा ती हलली. आणि खालच्या बोल्टाच्या बुडाशी साबणाचे बुडबुडे आले, अगदी मोहरीएवढे, एकामागून एक. बोट फिरवलं तर काही लागत नाही, टॉर्च तिरका धरला की केसासारखी रेघ दिसते. बोल्टापासून जोडापर्यंत गेलीय. गाडीची बॉडी आणि दिवा यांच्यामधला फोमचा गॅस्केटही एका बाजूला दुमडलेला होता, डिकीतली ओल बहुधा तिथूनच.

टोपी मोकळी केली, दिवा वाळत घातलाय, न्यूट्रल सिलिकॉन उद्या बाजारातून आणतो. दोन प्रश्न राहिले. बोल्टाजवळच्या तड्यावर नुसतं सिलिकॉन टिकेल का? आणि इंडिकेटरच्या होल्डरची पट्टी हिरवी पडलीय, बल्बच्या बुडावर पांढरी भुकटी आहे. होल्डर बदलावा लागेल का?

वायरिंगवाला

हिरवी पट्टी हेच तुमच्या टिकटिकीचं कारण. संपर्क सुटला की फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या रिलेला) वाटतं बल्ब गेला, म्हणून तो वेग वाढवतो. बारीक पॉलिश पेपरने पट्टी आणि बल्बचं बूड घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळल्यावर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा (वीज न वाहू देणारं, ओल रोखणारं ग्रीस) पातळ हात द्या. पट्टीची स्प्रिंग मऊ पडली असेल किंवा प्लास्टिक वितळलेलं दिसलं तर होल्डर बदला, दिव्यापेक्षा तो खूप स्वस्त असतो.

अर्थची वायरही बघून घ्या. दोन फिलामेंटचा बल्ब असतो, 5 वॅट पार्किंगला आणि 21 वॅट ब्रेकला. अर्थ खराब झाला की करंट उलट्या वाटेने दुसऱ्या बल्बमधून जातो आणि ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा मिणमिणतो. रात्री भिंतीकडे पाठ करून गाडी लावा आणि एकेक दिवा तपासा.

साचेवाला_चाकण

बोल्टाजवळचा तडा ताणाखाली असतो, त्यामुळे नुसत्या सिलिकॉनवर माझा पूर्ण भरवसा नाही. आजूबाजूचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरखरीत करा, पुसून कोरडा करा आणि पुढची काच बसवायला वापरतात ते पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट तड्याच्या दोन्ही टोकांच्या पुढे जाईल असं पसरवा. ते पकडही देतं आणि लवचिकही राहतं. पूर्ण एक दिवस सुकू द्या. बसवताना नट हाताने घट्ट करून वर पाव फेराच द्या, जोर लावला की तडा वाढतो. फोमचा गॅस्केट नवीनच घाला.

एवढं करून यंदाचा पावसाळा बहुतेक निघेल. तडा पुढे सरकलेला दिसला तर मात्र दिवा बदला.

कुर्लाफेरी

बदलायची वेळ आली आणि नवीन परवडत नसेल, तर मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने ओरिजिनल दिवे मिळतात. घेताना दुकानातच फुंकरीची परीक्षा करा, परावर्तक उजेडात बघा आणि मागचे बोल्ट सरळ आहेत ना ते पाहा. गॅस्केट सहसा सोबत येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. वर्ष आणि मॉडेल जुळवून घ्या, फेसलिफ्टनंतर (त्याच मॉडेलचं रूप कंपनीने थोडं बदललं की) आकार तोच राहून कपलर बदललेला असू शकतो.

तेरेखोलकाठ

पीयूने केलं, गॅस्केट नवीन घातला, होल्डर घासून वाचला. पुन्हा बुडबुड्यांची तपासणी केली, आता एकही येत नाही. त्यानंतर आंबोलीत धो धो पाऊस लागला, तरी काच आतून कोरडी आहे. पहाटे वरच्या कोपऱ्यात थोडी वाफ असते, नऊपर्यंत जाते.

फोनवरून फोटो चढत नाहीयेत. उद्या लॅपटॉपवरून टोपीचा आणि तड्याचा टाकतो, कोणाला जागा ओळखायला उपयोग होईल.